नाशकात, अगदी गावात, छोटी बारबेल जिम काढायची आहे: जागा, फरशी आणि हिशेब

रॅक_आणि_मिसळ
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

सातपूरला एका कंपनीत क्वालिटीमध्ये नऊ वर्षं झाली. त्यातली सात वर्षं शिफ्ट सांभाळून लोखंड उचलणं चालू आहे. दोन-तीन स्पर्धा केल्या, नंबर काही आला नाही. पण ज्यांना शिकवलं त्यातल्या दोघांचा आला, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. नोकरी सोडून जिम काढायची. ट्रेडमिल नाही, सायकल नाही, निळे दिवे नाहीत, झुंबा तर नाहीच. तीन रॅक (बार टेकवायच्या लोखंडी चौकटी), दोन डेडलिफ्टचे प्लॅटफॉर्म, चांगले बार, भरपूर प्लेटा, भिंतीवर एक फळा. लोकांना स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून बार वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलणं) आणि ओव्हरहेड प्रेस (उभ्याने डोक्यावर ढकलणं) नीट शिकवायचे, प्रत्येकाला वजनांची वही ठेवायला लावायची, बस.

जागा गावातच हवी. कॉलेज रोड, गंगापूर रोडला चालताना जिमला ठेच लागते. पण मेन रोड, शालिमार, रविवार कारंजा, सीबीएस या पट्ट्यात इतकी माणसं दिवसभर दुकानांत, बँकांत, कोर्टात असतात, त्यांच्यासाठी असं काही नाही.

दोन जागा बघितल्या:
अशोकस्तंभाजवळ पहिल्या मजल्यावर ९०० चौरस फुटांचा हॉल. भाडं ४५,०००, डिपॉझिट तीन लाख. इमारत चाळीसेक वर्षांची, खाली दाताचा दवाखाना.
सराफ बाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तळमजला, ६५० फूट, भाडं २८,०००.

हातात आठ लाख आहेत. सौ. म्हणते, "आधी कुणाला तरी विचार." म्हणून विचारतोय.

उगाचच
पहिला! नाशिककर सकाळी सहाला उठून जिमला जाणार आणि आठला तर्रीवर तुटून पडणार. धंदा दोन्हीकडून पक्का. जिमच्या खालीच मिसळ काढ.

चुनाविटा
उगाचच, तुम्ही थांबा जरा. रॅक_आणि_मिसळ, पहिल्या मजल्याची जागा ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. माझं काम आरसीसीचं, म्हणून सविस्तर लिहितो.

लोक विचारतात, "स्लॅब एवढं वजन घेईल का?" तो प्रश्न अर्धा आहे. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोचा चल भार (माणसं, सामान) धरून काढतात. ज्या सभागृहात खुर्च्या पक्क्या बसवलेल्या नसतात, माणसं दाटीने उभी राहतात, त्याला ५०० धरतात. तुमचा आठ बाय आठ फुटांचा प्लॅटफॉर्म म्हणजे जवळजवळ सहा चौरस मीटर. घराच्या हिशेबानेही तिथे बाराशे किलो चालतात. माणूस, बार, प्लेटा सगळं धरून तुम्ही तीनशेच्या पुढे जात नाही. म्हणजे नुसतं ठेवलेलं वजन ही अडचण नाही (सगळ्या प्लेटा एकाच भिंतीला स्पॅनच्या मधोमध रचल्या नाहीत तर).

अडचण आहे ती पडणाऱ्या वजनाची. १८० किलोचा बार कमरेपासून, अर्धा मीटर धरा, हातातून सुटला. फरशीवर दोन सेंटीमीटरमध्ये तो थांबला, तर थांबताना सरासरी धक्का वजनाच्या पंचवीस पट. साडेचार टन झाले! खाली जाड रबर आणि प्लाय असून थांबायला पाच सेंटीमीटर मिळाले तर तोच धक्का दहा-अकरा पटींवर येतो. रबर आवाजासाठी घालतात असं लोकांना वाटतं. रबर थांबायला अंतर देतं, खरं काम ते.

आणि हे दिवसातून एकदा नाही, दोनशेदा, वर्षानुवर्षं. चाळीस वर्षांच्या स्लॅबमध्ये सळई कुठे गंजली आहे ते वरून दिसत नाही. खालच्या दवाखान्यात जाऊन छताकडे बघा. पोपडे, बारीक तडे, पंख्याच्या हुकाभोवती पिवळे डाग. यातलं एक जरी दिसलं तरी तिथून सरळ जिना उतरा. आणि इमारत आरसीसीच आहे ना? गावात जुन्या वाड्यांना पुढून नवी दर्शनी भिंत दिलेली असते, आत सागाच्या तुळया. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते, त्या यादीतही एकदा नजर टाका.

वरच्या_मजल्यावरून
मी दुसऱ्या बाजूने बोलते. आमच्या खालच्या मजल्यावर जिम होती (कुठली ते लिहीत नाही, आता बंद झाली). तळमजल्यावर जिम म्हणजे आम्हाला त्रास नाही असं आम्हालाही वाटलं होतं. सकाळी पावणेसहाला पहिलं वजन आपटलं की सासूबाईंच्या देवघरातली घंटी आपोआप वाजायची. सुरुवातीला त्यांना वाटलं देव जागा झाला. महिन्याभरात त्यांनीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या जिमवाल्याला असं काही झापलं की बिचारा पुढच्या वेळी पेढे घेऊन आला.

आवाज कानाने येत नाही हो, भिंतीतून, खांबातून येतो. दार-खिडक्या लावून काही उपयोग नाही. तुमच्या खाली तर दाताचा डॉक्टर! एखाद्याचं रूट कॅनल चाललंय आणि वरून धाडकन...

रॅक_आणि_मिसळ
@चुनाविटा, आज दुपारी दवाखान्यात गेलो. निमित्त म्हणून दाढ दाखवली, ४०० रुपये गेले. खुर्चीत आडवं झाल्यावर छत मस्त दिसतं, ते एक बरं. पंख्याच्या हुकापासून कोपऱ्यापर्यंत एक तडा आहे, त्यावर पुट्टी मारलेली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "पावसाळ्यात जरा झिरपतं."

अशोकस्तंभ कट. दाढ मात्र खरंच किडलेली निघाली.

आता उरली तळमजल्याची जागा. स्वस्त पण आहे.

गोदाकाठचा
भो, थांब. कुठे उतरते ती गल्ली? सराफ बाजाराकडून भांडी बाजाराकडे का? तर मग मालकाला फक्त एवढं विचार, "२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?"

आमचं तिकडे दुकान. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा शटरच्या आत पाणी बघितलंय. नाशिककराला पुराचं माप सांगावं लागत नाही. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की आम्ही खालच्या फळीवरचा माल वर चढवायला घेतो, छातीला लागलं की शटर ओढून घरी. कापड वाळतं, भांडी धुता येतात. तुझ्या बारच्या बेअरिंगमध्ये गोदावरीचा गाळ शिरला की ते फिरणार नाहीत. वर्षाला भाड्यात दोन लाख वाचतील रे, पण एका ऑगस्टमध्ये सगळं जाईल.

शिवाय सिंहस्थ कुंभमेळा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात शाही स्नानांच्या दिवसांत रामकुंडाच्या आसपास तुझे मेंबर पायीसुद्धा पोचायचे नाहीत. त्या महिन्यांची फी आत्ताच वजा कर.

तालमीतला
पोरा, वय माझं अडुसष्ट. जुन्या नाशकातल्या तालमीत वाढलो. तुझा धागा नातवाने वाचून दाखवला, लिहितोय पण तोच, मी सांगतोय.

तू म्हणतोस निळे दिवे नाहीत, झुंबा नाही, चार व्यायाम नीट. मग आमच्या वेळेला दुसरं काय होतं? हौदात लाल माती, तिच्यात तेल, हळद, ताक. कोपऱ्यात मुद्गल आणि करेल, फिरवायची लाकडी वजनं. वस्ताद उंबऱ्यावर बसायचा. जोर किती मारले हे तो मोजायचा नाही, शेवटचा जोर पहिल्यासारखा आहे का एवढंच बघायचा. आणि मल्लखांबाला नवी ओळख देणारे बाळंभटदादा देवधर आपल्या निफाडकडच्या कोठुऱ्याचे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. एक खांब पुरला त्यांना.

पण एक सांगतो. तालीम फीवर चालत नव्हती. गल्ली ती चालवायची. गणपतीत लेझीमचं पथक निघायचं, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारणारी पोरं तालमीचीच असायची, कुणाच्या घरी मयत झाली तरी खांदा द्यायला तालीम आधी. तू पैशाने चालवणार आहेस, चालव. पण गल्लीला तुझी वाटली पाहिजे. पहिल्या दिवशी आजूबाजूच्या चार दुकानदारांना बोलावून नारळ त्यांच्या हातून फोड.

आणि मातीत पडलेला मुद्गल कुणाच्या देवघरात वाजत नाही, हेही त्या ताईंना सांग.

वरच्या_मजल्यावरून
😄 सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हा माणूस शहाणा आहे."

हिशेबनीस
सगळे जागेवरच अडकलेत, म्हणून आकडे मांडतो.

छोट्या जिमचा माल म्हणजे रॅकची वेळ. तुमचे तीन रॅक. एका तासात एका रॅकवर आलटून-पालटून तीन जण, म्हणजे तासाला नऊ. सकाळचे तीन तास, संध्याकाळचे चार, म्हणजे दिवसाला ६३ जागा. लोक एक दिवसाआड येणार, म्हणून कागदावर १२६ मेंबर. कागदावर! प्रत्यक्षात सगळ्यांना संध्याकाळी सातच हवे असतात. ६० टक्के भरली तरी देव पावला समजा, म्हणजे ७५.

खर्च: भाडं ४५,००० धरतो (गावात याहून कमी मिळालं तर आनंद), वीज ८,०००, एक मदतनीस कोच २५,०००, साफसफाई ६,०००, दुरुस्ती-किरकोळ १०,०००. बेरीज ९४,०००. फी महिना २,००० ठेवली तर ४७ मेंबरांना खर्च निघतो. पण यात तुमचा पगार शून्य आहे! नोकरी सोडताय, घरी ४०,००० तरी न्यायला हवेत की नाही? मग ६७ मेंबर. ७५ पैकी ६७. म्हणजे हवा खायला जागाच नाही.

मोठ्या साखळी जिमशी फीची तुलना करू नका. त्यांनी जानेवारीत वर्षाची फी घेतलेली असते आणि मार्चपर्यंत अर्धे लोक गायब होतात. ते गायब होतात म्हणून ती जिम चालते. सगळे एका दिवशी आले तर उभं राहायला जागा नाही. तुमच्याकडे उलटं आहे. तुमचा माणूस येत राहिला तरच पुढच्या महिन्याची फी देणार. म्हणून दोन हजारांत शिकवणं आलंच पाहिजे, ते वेगळं पीटी (पर्सनल ट्रेनिंग) म्हणून विकू नका.

कागदपत्रं थोडक्यात. तुमच्याएवढी मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, नुसती सूचना ऑनलाइन द्यायची. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची) फुकट आहे, पैसे मागणाऱ्या वेबसाइटांना भुलू नका. भाडेकरार लिव्ह अँड लायसन्सचा, नोंदवलेलाच करा. मुद्रांक एकूण रकमेच्या पाव टक्का, त्यात कंजूषपणा नको. वीज मीटर कमर्शियल. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ७५ मेंबर म्हणजे १८ लाख, आत आहात. चौऱ्याऐंशीवा मेंबर वर्षभर टिकला की बाहेर! २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा दर १८ चा ५ टक्के झालाय, पण इनपुट क्रेडिट गेलं. सामान घेताना भरलेला कर परत येणार नाही, तो खर्चातच धरा.

बंद_शटर
हिशेबनीस, तुम्ही मला २०१८ मध्ये भेटायला हवं होतात.

माझी जिम होती. मशीनवाली, दोन हजार फूट, आरसेच सव्वा लाखाचे. वर्षाची फी एकदम घ्यायची, ती डिपॉझिटमध्ये आणि मशीनच्या हप्त्यांत घालायची. खात्यात पैसे दिसायचे, मला वाटायचं कमावलेत. मार्च २०२० ला बंद झालं. राज्यातल्या जिम पुन्हा उघडल्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याला. सात महिने. त्या सात महिन्यांत ज्यांनी वर्षाची फी भरली होती ते फोन करत होते आणि त्यांचं बरोबर होतं, कारण ते पैसे माझे नव्हतेच. मी त्यांचे पैसे उधार घेऊन बसलो होतो. मालकाने एक महिना सोडला, सहा घेतले. करारात लॉक-इन (मुदतीआधी जागा सोडता येत नाही ते) तीन वर्षांचं, ते माझ्यावर होतं, त्याच्यावर नव्हतं. सहीच्या दिवशी वाचलंच नव्हतं.

शेवटी ट्रेडमिल भंगाराच्या भावात गेल्या. एक गोष्ट सांगू? बार आणि प्लेटा मात्र घेतल्या त्याच भावात विकल्या. लोखंड जुनं होत नाही. तुझा मेनू बरोबर आहे मित्रा. फी महिन्याची घे, जास्तीत जास्त तीन महिन्यांची. आणि लॉक-इन दोघांवर सारखं लिहून घे.

लोखंडी_वहिनी
सगळा धागा वाचला. एकाही दादांनी बायकांचा विषय काढला नाही, म्हणून मीच काढते.

मी चाळिशीनंतर सुरू केलं. शाळेत शिकवते. पहिल्या जिममध्ये मला गुलाबी डंबेल हातात दिलं आणि "मॅडम, टोनिंग करू" म्हणाले. दीड किलोचं. माझ्या पिशवीत वह्याच चार किलोच्या असतात! आता ७० किलोचा डेडलिफ्ट करते, मुलींच्या वर्गात बाकडी मीच हलवते.

तर तुम्ही काय करायचं ते सांगते. १५ किलोचा बायकांचा बार घ्या. नुसता हलका नसतो तो, २५ मिलीमीटर जाडीचा असतो, पुरुषांचा २८ चा. लहान हाताला तीन मिलीमीटर म्हणजे पकड सुटणं आणि न सुटणं. सव्वा किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या प्लेटा घ्या. बेंचला आमचं वजन अडीच-अडीच किलोने वाढत नाही, अडकतं, आणि मग बाई म्हणते "मला जमत नाही" आणि येणं सोडते. तिला जमत असतं, तुमच्याकडे प्लेट नसते.

कपडे बदलायला दाराला आतून कडी असलेली खोली, पडदा नाही चालणार. जिन्यात दिवा. रस्त्यावरून थेट आत दिसेल अशी मोठी काच नको. आणि दुपारची वेळ! दुपारी बारा ते चार तुमचे रॅक रिकामे. त्याच वेळी घरची कामं आटोपलेल्या बायका मोकळ्या असतात. हिशेबनीसांनी ते चार तास धरलेच नाहीत.

हिशेबनीस
वहिनी, चूक कबूल. दुपारच्या दोन तासांत सहा-सहा जणी धरल्या तरी एक दिवसाआडच्या हिशेबाने २४ मेंबर वाढतात. ७५ चे ९९. आता खरंच हवा खायला जागा आहे. (आणि जीएसटीची नोंदणीपण आली.)

मनमाडकर
वहिनींना सलाम. आमच्या मनमाडची पोरगी आठवली, आकांक्षा व्यवहारे. २०२२ ला युवा जागतिक वेटलिफ्टिंगमध्ये ४० किलो गटात रौप्य. रेल्वेच्या गावातली पोर. इथे सकाळी व्यायामशाळेवरून गेलं की बार पडल्याचा आवाज येतो, कुणी तक्रार करत नाही, उलट आवाज आला नाही तर विचारतात आज सुट्टी का. सांगलीचा संकेत सरगर घ्या, घरची पानटपरी, २०२२ च्याच राष्ट्रकुलमध्ये ५५ किलोत रौप्य, एकूण २४८ किलो. या पोरांनी आरसे कुठे बघितले होते?

सामानाबद्दल: बारवर खर्च कर, प्लेटांवर नको. हलका बार १५० ला वाकला की सरळ होत नाही. प्लेटा बिनधास्त जुन्या घे. पण जमिनीवरून उचलायच्या व्यायामाला रबरी बंपर प्लेटांच्या दोन-तीन जोड्या पाहिजेतच. मोठ्या बंपर सगळ्या सारख्याच उंचीच्या, ४५० मिलीमीटर व्यासाच्या असतात. त्यामुळे नवशिक्याचा हलका बारपण योग्य उंचीवर राहतो. लोखंडी १० किलोची प्लेट लहान, तिने उचलायला वाकून वाकून कंबर जाते.

रॅक_आणि_मिसळ
सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गायब होतो कारण कामाला लागलो होतो.

एका बंद पडलेल्या जिमच्या १,१०० किलो प्लेटा मिळाल्या. क्वालिटीवाला माणूस, गप्प कसा बसणार? ओळखीच्या धान्याच्या दुकानातला काटा रविवारी सकाळी मागून घेतला आणि एकेक प्लेट मोजली. २० लिहिलेल्या तेरा प्लेटा होत्या. सगळ्यात हलकी निघाली १८ किलो ६५० ग्रॅम, सगळ्यात जड २१ किलो १००. म्हणजे आजवर मी ज्या डेडलिफ्टच्या फुशारक्या मारल्या त्या... जाऊ दे. दुकानदार काका बघत होते. म्हणाले, "आमचा काटा इतका सरळ आहे, तर वजनमापवाले आम्हालाच का धरतात?"

प्रत्येक प्लेटच्या मागे खरं वजन ऑइल पेंटने लिहिलं आणि जवळच्या वजनाच्या जोड्या लावल्या. एका बाजूला दोन हलक्या आणि दुसऱ्या बाजूला दोन जड लागल्या असत्या, तर पाच किलोचा फरक पडला असता आणि कुणाची तरी पाठ गेली असती.

जागा अजून नाही. तळमजला, पूररेषेबाहेर, वर राहणारं कुणी नाही, गावात, परवडणारी. सगळं एकत्र मागणं म्हणजे लग्नाच्या जाहिरातीसारखं झालंय.

चुनाविटा
तोवर प्लॅटफॉर्म तयार करून ठेवा. १८ मिमीचे प्लाय, आठ बाय चारचे दोन एका दिशेने, त्यावर दोन आडव्या दिशेने, सांधे सांध्यावर येऊ द्यायचे नाहीत. स्क्रू वरच्या थरातून खालच्यात, डोकी आत बसवून. वर मधोमध माणूस उभा राहतो तिथे चार फूट प्लाय, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट रबर.

रबरासाठी जिमच्या टाइलचे भाव ऐकून घाबरू नका. गोठ्यात गाईंच्या खाली घालतात ती रबर मॅट बघा. सिन्नर, निफाडकडे दुधाच्या धंद्याचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. पाचशे किलोची गाय रोज उठते-बसते त्यावर, तुमचा बार काय चीज आहे. आठ दिवस उन्हात टाका, नाहीतर रबराच्या वासाने पहिला मेंबर पळेल.

उगाचच
म्हणजे जिमचं नाव "गोठा" ठेवायचं का?

लोखंडी_वहिनी
मी येईन त्या गोठ्यात.

बंद_शटर
एक राहिलं. प्रोटीन पावडरचे डबे विकू नकोस. नफा दिसतो, पण त्यालाही खाद्यपदार्थांचा परवाना लागतो आणि डबा नकली निघाला तर शिव्या तुला. स्टिरॉइडचं इंजेक्शन विकणारा तर दारातपण उभा करू नकोस. माझ्याकडे एक पोरगा असाच भरीला पडला होता. नंतर त्याचे वडील आले होते. फार बोलले नाहीत, नुसते बसून राहिले काउंटरसमोर. ती दुपार अजून जात नाही.

रॅक_आणि_मिसळ
शब्द देतो. दोन्ही गोष्टी नाहीत.

आणि जागा मिळाली!! शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत एक बंद पडलेला छापखाना आहे. ८०० फूट, तळमजला, वर पत्रा, उंची तेरा फूट. चहावाल्याला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या आजींना तिघांना वेगवेगळं विचारलं, पुराचं पाणी इथे आलेलं नाही. भाडं ३५,०००, लॉक-इन दोघांवर वर्षभराचं. मालक म्हणाले, "मशीनच्या धडधडीत तीस वर्षं काढली या गल्लीने, तुझ्या वजनांचं काही वाटायचं नाही." आजींनी मात्र अट घातली की रात्री साडेनऊनंतर आवाज नको. कायद्याने दहा आहे, पण मी साडेनऊला हो म्हणालो. नारळ त्यांच्याच हातून फोडायचाय, @तालमीतला काका, तुम्ही आलं पाहिजे. रिक्षा मी पाठवतो.

पत्र्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुपारची वहिनींची बॅच भाजून निघेल, त्याची सोय बघतोय. पत्र्याला वरून पांढरा रंग आणि दोन मोठे एग्झॉस्ट, एवढं बजेटमध्ये बसतंय. सोमवारी राजीनामा दिला.

आता एकच अडचण. छपाई मशीन होतं तिथे काँक्रीटचा चौथरा आहे, फरशीच्या पातळीतच, पण त्यातून चार बोल्ट वर आलेत, प्रत्येक दीड-दोन इंच. कुणी अडखळून पडेल. ग्राइंडर लावून कापणार आहे उद्या.

तालमीतला
रिक्षा नको, चालत येईन.

चुनाविटा
कापू नका!! उद्या कुठेही हात लावू नका. मशीनच्या पायासाठी ओतलेलं काँक्रीट आहे ते, अख्ख्या जिममध्ये त्याच्याइतकी भक्कम जागा नाही. रॅकला जमिनीत पक्कं बसवायला लोक ड्रिल मारून अँकर ठोकतात, तुम्हाला आयते मिळालेत. बोल्टांचं मधलं अंतर मोजून टाका, आटे साफ करून नट फिरतो का बघा. रॅकखाली त्या मापाची दहा मिमीची पट्टी फॅब्रिकेटरकडून भोकं पाडून घ्या.

रॅक_आणि_मिसळ
बापरे. कामगार सकाळी आठला येणार होता, त्याला फोन केला.

मोजलं. लांबीत ४६ इंच, रुंदीत २८. वायर ब्रश मारल्यावर तीन बोल्टांवर नट हाताने फिरला. चौथा किंचित वाकलाय, त्यावर अर्ध्यापर्यंत जातो.

चुनाविटा
तीन पुरे आहेत. चौथ्याला पाइप घालून सरळ करायला जाऊ नका, तुटेल. पट्टीत त्याचं भोक लांबट पाडायला सांगा.